सदर पेय कोणीही विकत घेणार नाही

हे सगळं एकोणीसशे सत्त्याहत्तर सालचं. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मला वाचनालयात कायमची नोकरी लागली आणि त्याच वर्षी आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा चहा तोंडात घेतला. दोन्ही गोष्टींना तसा उशीरच झाला होता. मी एकेचाळीस वर्षांची होते, हे सेहेचाळीसचे.

चहा न पिणारी माणसं जगात असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण हे चहाच्याच कंपनीत गोदामाचे कारकून होते. एकोणीस वर्षं. दिवसभर चहाच्या पेट्या उतरवून घ्यायच्या, रचायच्या, पाठवायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन पेलाभर दूध प्यायचं, साखर घालून. लग्नाआधी माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा काही घेतो का?" मध्यस्थ म्हणाले, "फक्त दूध." वडील तेवढ्यावरच खूश झाले. माझ्या नवऱ्याच्या अंगाला चहाचा वास यायचा आणि तोंडाला दुधाचा. सवय होते माणसाला.

तर त्या वर्षी कंपनीनं एक परिपत्रक काढलं. इथलं गोदाम वर्षअखेर बंद. गोदामातली सगळी माणसं बंदराच्या गावी. रेल्वेनं दोन दिवसांचा रस्ता. इथं राहणार फक्त चव विभाग, म्हणजे चहा चाखून त्याची प्रत ठरवणारी मंडळी. त्या विभागात सहायकाची एक जागा रिकामी होती, आणि कंपनीतल्या कोणालाही परीक्षा देऊन ती मिळवता येणार होती.

ह्यांनी परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं.

"मग?"

"अर्ज केला."

"कशाचा?"

"सहायक चाखणाऱ्याचा."

"अहो, पण तुम्ही चहा पीत नाही!"

"अर्जात तसं कुठं विचारलेलं नाही," हे म्हणाले आणि दुधाचा पेला उचलून बाहेर जाऊन बसले.

सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "मी काही इथून हलायची नाही. तुम्ही जा बंदरावर. मी आतून कडी लावून बसते." मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, तिनं रडून घेतलं. माझं मी कोणाला बोलले नाही. चौदा वर्षं बदली कामगार म्हणून कुणाकुणाच्या खुर्चीवर बसल्यावर चार महिन्यांपूर्वी मला स्वतःची खुर्ची मिळाली होती. तिचा एक पाय लुळा होता, तिथं पुठ्ठा घालावा लागे. पण ती माझी होती. बंदरावर कोण मला वाचनालयात घेणार होतं?

म्हणजे आता ह्यांना तीन आठवड्यांत चहा ओळखायला शिकवणं आलं.

परीक्षा अशी होती. बारा कप. प्रत्येकात चिमूटभर पत्ती, वर उकळतं पाणी, घड्याळ लावून सहा मिनिटं झाकण. दूध नाही, साखर नाही. मग मोठ्या चमच्यानं घोट उचलायचा आणि जोरात सुर्र करून ओढायचा, म्हणजे हवेबरोबर तो टाळूला, जिभेच्या कडांना, नाकाच्या मुळाशी एकदम लागतो. मग बादलीत थुंकायचा आणि चव सांगायची. सरावासाठी कंपनीनं उमेदवारांना गोदामातल्या त्याच बारा मालांच्या पेट्यांतून भरलेले बारा लहान डबे दिले होते, वर फक्त नंबर.

आमच्याकडे कप होते सात. पाच मागून आणावे लागले, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण कप मागायला जाणं म्हणजे इमारतभर दवंडी पिटणं. पहिला कप दिला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरांनी, आणि कपापाठोपाठ ते स्वतःही आले ते परीक्षा होईपर्यंत गेले नाहीत. आयुष्यभर डॉक्टरच्या हाताखाली काढल्यामुळे आपला सल्ला कोणीतरी घ्यावा ही त्यांची इच्छा अपुरी राहिली होती. ती त्यांनी आमच्यावर भागवून घेतली.

"वहिनी, कांदा बंद. लसूण बंद. तिखट बंद. वासाचा साबण बंद. तेल बंद."

"डोक्याला लावायचं का फोडणीचं?"

"दोन्ही."

आठवडाभर आमच्याकडे आजाऱ्याचा स्वयंपाक झाला. मुलगी म्हणाली, "आई, त्यापेक्षा बंदरावर जाऊ."

सुर्र ओढण्यावरून सासूबाई फार दुखावल्या. "याच्या तोंडचा तो आवाज बंद करायला मला सहा वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "चिमटे काढून काढून दंड लाल व्हायचा पोराचा. आणि आता कंपनी त्याचाच पगार देणार!" खालच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहत. त्या तिसऱ्या दिवशी वर आल्या, दारात अदबीनं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तक्रार नाही हो, पण हा आवाज जरा खालच्या पट्टीत काढता येईल का? माझ्या मुली त्याच स्वरावर जातात." त्यांनाही एक कप चाखायला दिला. दुसऱ्या दिवसापासून त्याही येऊ लागल्या.

प्रगती मात्र काही होईना. चव विभागात वापरायचे शब्द मी एका वहीत उतरवून घेतले होते: भरदार, तरतरीत, उजळ, मऊ, पातळ. हे एकेक घोट ओढत आणि बादलीत टाकून म्हणत, "कडू."

"हा दुसरा?"

"कडू."

"दोघांत काही फरक?"

हे डोळे मिटून खूप विचार करत. "हा जरा निवलेला कडू."

गंमत म्हणजे शिकले मी. मी आपली सकाळ-संध्याकाळ दूधसाखरेचा उकाळा पिणारी बाई. पण दूध बाजूला ठेवल्यावर कळलं, की इतकी वर्षं मी चहा पीतच नव्हते, नुसता त्याचा रंग पीत होते. तीन नंबर भाजलेल्या धान्यासारखा लागे, घोट गेल्यावरही जिभेवर बसून राही. पाच नंबर तांब्याच्या नव्या भांड्यासारखा लखलखीत, आणि गालांच्या आतल्या बाजूला असा काही चावे की झोप उडावी. नऊ नंबरला ओल्या लाकडाचा गंध. सुरुवातीचा कडूपणा हा उंबरठा आहे, ठेच लागते तिथं, पण घर पलीकडे आहे. हे मी ह्यांना समजावून सांगितलं. हे म्हणाले, "मी उंबरठ्यावरच बरा."

मग कंपाउंडरांना शोध लागला. आमच्या कपांतला चहा काळा पडे, वर तवंग येई. "पाणी!" ते ओरडले. "हे बोअरचं जड पाणी. कंपनीत नळाचं. मऊ पाण्याचा चहा वेगळा, जड पाण्याचा वेगळा. तुम्ही भलत्याच चहाचा अभ्यास करताय!" त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. चौकातल्या सार्वजनिक नळावरून हंडे आणायला सुरुवात केली. पण रोजचे तीन जिने आणि माझे गुडघे यांचं जमेना. तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "घरात नळच घ्या ना. कधीतरी घ्यायचाच आहे." आणि मी नळखात्यात अर्ज करायला गेले. इथं जी चूक झाली ती सर्वस्वी माझी.

अर्जात एक रकाना होता: पाण्याचा उपयोग. शहाण्या माणसानं 'घरगुती' लिहून मोकळं व्हावं. पण मी वाचनालयात काम करणारी बाई. रकाना दिसला की तो नीट भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चहा तयार करून चाखण्यासाठी. रोज सुमारे छत्तीस कप.'

खिडकीतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं.

"छत्तीस?"

"बारा-बारा, तीन वेळा."

"घरात माणसं किती?"

"चार."

"मग एवढा चहा पितं कोण?"

"कोणीच नाही. थुंकतात."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अर्ज वेगळ्या फायलीत ठेवला. मला वाटलं, तातडीच्या फायलीत.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात बारा कप मांडलेले. हे चमचा घेऊन, कंपाउंडर घड्याळ घेऊन, गाण्याच्या बाई आणि त्यांच्या दोन शिष्या घोट ओढताहेत, सासूबाई बादलीची राखण करताहेत, आणि मी वहीत लिहितेय. दारात एक गृहस्थ उभे. खांद्याला पिशवी, हातात फाईल.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, कंपाउंडरांच्या ओळखीचे असतील. कंपाउंडरांना वाटलं, आमच्या ओळखीचे असतील. सासूबाईंनी त्यांना पाट दिला. गृहस्थांनी कप मोजले, माणसं मोजली, माझ्या वहीत डोकावून पाहिलं, "रोज चालतं का असं?" विचारलं. गाण्याच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "हो तर! रोज. आता तर बाहेरचेही येतात."

ते नळखात्याचे निरीक्षक होते.

मंगळवारी नोटीस आली: राहत्या जागेत विनापरवाना चहाचं दुकान चालवल्याबद्दल. ते एक वेळ सोसलं असतं. पण अर्जावर मी 'यजमानांचा व्यवसाय' हा रकानाही नीट भरला होता, पत्त्यासकट; त्यामुळे नोटिशीची प्रत कंपनीत गेली. आणि कंपनीचा नियम असा, की नोकरानं स्वतः चहाचा धंदा केला तर तो नोकरीवरून दूर.

हे संध्याकाळी घरी आले ते दूध न घेताच बसले. "गुरुवारी दहाला परीक्षा," हे म्हणाले. "त्याआधी नळखात्याचं पत्र हवं, की इथं विक्री होत नाही. नाहीतर परीक्षा नाही."

"आणि गोदाम?"

"गोदामही नाही. बंदरही नाही."

तोवर बंदराला जावं लागेल म्हणून रडणाऱ्या आमच्या घराला ते बंदर एकदम फार रम्य वाटू लागलं.

बुधवारी मी रजा टाकून नळखात्यात गेले. खिडकी म्हणाली, नोटीस परवाना विभागाची. परवाना विभाग म्हणाला, नोटीस आमची पण अहवाल निरीक्षकांचा. निरीक्षक फिरतीवर. कधी येतील? "आले की येतील." साडेपाचला शिपायानं मला बाहेर काढून दार लावलं. तो भला माणूस होता, म्हणाला, "ताई, सकाळी साडेआठला या. साहेब सही करायला येतात आणि लगेच निसटतात."

गुरुवारी सकाळी मी निघाले तेव्हा मोकळ्या हातानं जावंसं वाटेना. लाच म्हणून नव्हे. निरीक्षकांना आपण काय करतो ते नीट समजावं, एवढंच. म्हणून नळाच्या पाण्यात सात नंबरचा चहा केला, कडक, पुरती सहा मिनिटं, आणि थर्मासात भरून घेतला. बारांतला माझा सगळ्यांत लाडका तो. वहीत मी त्याच्यापुढे 'प्रसन्न' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

निरीक्षक सापडले. "बाई, विक्री होते याचा पुरावा नाही, पण होत नाही याचाही पुरावा नाही," ते म्हणाले. "मी लिहू काय?"

"साहेब, आधी एक कप घ्या. म्हणजे कळेल."

त्यांनी घोट घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत होते. भुवया वर गेल्या, मग खाली आल्या, मग एकमेकींकडे सरकल्या. त्यांनी तो घोट गिळला हा त्यांचा सभ्यपणा.

"हे... असं रोज छत्तीस कप?"

"रोज."

"आणि याचे कोणी पैसे देत नाही?"

"नाही हो."

"देणारही नाही," ते म्हणाले आणि पेन उघडलं.

मला राग आला होता. पण पत्र लिहिणाऱ्या माणसाला मध्येच अडवू नये एवढं मला कळत होतं. त्यांनी लिहिलं: 'सदर ठिकाणी तयार होणारे पेय मी स्वतः चाखून पाहिले. सदर पेय कोणीही विकत घेणार नाही अशी माझी खात्री झाली आहे. सबब विक्रीचा आरोप मागे घेण्यात येत आहे.' खाली सही, गोल शिक्का. मी पळाले.

दहाला सात मिनिटं असताना मी कंपनीत पोचले. चव विभाग म्हणजे उत्तरेला खिडक्या असलेली लांबच लांब खोली, पांढरं टेबल, त्यावर बारा कप. पाच उमेदवार भिंतीशी उभे, शेवटचे आमचे हे. मॅनेजरांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि टेस्टरसाहेबांच्या हातात दिलं. टेस्टरसाहेब म्हणजे कंपनीतलं दैवत. तीस वर्षं चाखत होते. ऑफिसात म्हणे त्यांच्यासमोर कोणी शिंकतसुद्धा नसे.

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"आमचा चहा कोणी विकत घेणार नाही? हे नळखातं ठरवणार?" ते माझ्याकडे वळले. "कुठला नमुना होता?"

"सात नंबर," मी म्हणाले.

"सात नंबर या वर्षातला सर्वोत्तम माल आहे. मी स्वतः पास केलाय. उतरला त्या दिवशी." त्यांनी माझ्या हातातला थर्मास घेतला, कपात चहा ओतला आणि असा सुर्र ओढला की आमच्या खालच्या बाईंनी पट्टी विचारली असती. थुंकले. पुन्हा ओढला.

"बाई, भांडी कशानं घासता तुम्ही?"

आयुष्यात माझा बऱ्याच जणांनी अपमान केला आहे, पण माझ्या भांड्यांवर बोट ठेवायची सासूबाईंचीही हिंमत झाली नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीकडून हळू आवाज आला.

"साहेब, भांड्यांचा दोष नाही."

हे बोलत होते.

"सात नंबरच्या पेट्या पश्चिमेच्या भिंतीला आहेत. माल उतरल्यावर महिन्याभरानं तिथं वरच्या ऑफिसनं साबणाची खोकी ठेवायला लावली. चहा वास धरतो. मी तीन पत्रं दिली होती."

टेस्टरसाहेबांनी टेबलावरचा सात नंबरचा कप उचलला, घोट ओढला, थुंकला. मग सगळे कप स्वतःच्या हातानं क्रम बदलून मांडले आणि ह्यांना पुढे बोलावलं. "सांगा."

ह्यांनी पहिला घोट ओढला. मी देवाचं नाव घेतलं.

"ही पेटी पत्र्याखालची. वरच्या थरातली. ऊन खाल्लंय."

पुढचा. "दाराजवळची. ओल लागलीय."

"ही मधली. हिला काही झालेलं नाही."

"हिचं झाकण फुटलं होतं, मी दुसरं ठोकलं. नवं लाकूड येतंय."

मी खाली बसले. तीन आठवडे हे मला घरी हेच सांगत होते. 'हा कोपऱ्यातला', 'हा वरचा' असं म्हणायला लागले की मी ओरडायचे, "ते राहू द्या! चव सांगा, चव!" मग बिचारे 'कडू' म्हणून गप्प बसत. आणि त्या 'प्रसन्न'खालच्या दोन रेघा! मी तीन आठवडे साबण चाखून वाहवा करत होते. ती वही मी घरी जाऊन पहिली जाळली.

ह्यांनी बारांतल्या अकरा पेट्या जागेसकट सांगितल्या. बाराव्या कपाला म्हणाले, "हा नुसता कडू आहे, साहेब." भरदार, तरतरीत, उजळ यांतला एकही शब्द त्यांना आला नाही. टेस्टरसाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मॅनेजरांना म्हणाले, "चहा कसा आहे ते सांगणारे माझ्याकडे चौघे आहेत. चहाला काय झालं ते सांगणारा एकही नाही. हा मला द्या."

पत्राची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. दुपारी दोन वाजता मी वाचनालयात माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. ग्रंथपालांनी विचारलं, "काय झालं एवढं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि खरंच काही झालं नाही, या एका गोष्टीनं मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळपर्यंत मी परत आलेली पुस्तकं चुकीच्या कपाटांत लावत होते.

टेस्टरसाहेब पुढे सहा वर्षांनी निवृत्त झाले. साबणाची खोकी त्यांनी दुसऱ्याच दिवशी हलवायला लावली आणि सात नंबरचा सगळा माल परत बोलावला, स्वतःची चूक म्हणून. निरीक्षकांची बढती झाली. कंपाउंडरांना यशाची चटक लागली. पुढे त्यांनी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या जावयाला वाहन चालवण्याच्या परीक्षेला बसवलं, तो तीनदा नापास झाला. गाण्याच्या बाईंच्या दोघी शिष्यांपैकी एक रेडिओवर गायली. आमचा नळ चार वर्षांनी आला, व्यापारी दरानं. सासूबाई त्याच घरात अकरा वर्षं राहिल्या आणि शेवटपर्यंत सांगत राहिल्या की बदली त्यांनी थांबवली. मुलगी परदेशी असते, कॉफी पिते. मी तिला काही म्हणत नाही. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचनालयातून निवृत्त झाले. रोज दुपारी एक कप कोरा, कडक, सहा मिनिटांचा.

हे चव विभागातूनच निवृत्त झाले. पुढे एकदा मी विचारलं, की चहाचा थेंब न घेणाऱ्या माणसानं तो अर्ज केलाच कशाला? हे म्हणाले, "मला काय, इथं काय नि बंदरावर काय, पेट्याच रचायच्या होत्या. तुझी खुर्ची गेली असती." एवढी वर्षं हे पोटात ठेवलेल्या माणसाला मी तीन आठवडे 'तुम्हाला कशातलंच काही कळत नाही' असं सुनावत होते, याची मला लाज वाटली. फार नाही. चहातलं त्यांना खरंच काही कळत नव्हतं.